धुळ्यात घडलेलं पॉवर पॉप गाणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं पहिलं सिंगल, म्हणजे सुटं प्रकाशित केलेलं गाणं, बाहेर आल्यापासून तेच ते प्रश्न येताहेत. काही ऐकणाऱ्यांचे आहेत. बरेचसे अशा पोरापोरींचे आहेत, ज्यांच्या घरात गिटार आहे आणि डोक्यात चाल आहे, पण पुढे काय करायचं ते कळत नाही. त्यांच्यासाठी काही उत्तरं मुद्दाम लांबवली आहेत, कारण ही सगळी माहिती मराठीत एका जागी आम्हाला कुठे सापडली नव्हती.

पॉवर पॉप म्हणजे काय? रॉकच ना?

रॉकच, पण चालीचा मान सगळ्यात वरचा. गिटार जोरकस, ड्रम्स दणदणीत, आणि त्यावर अशी चाल की एकदा ऐकली की दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना तोंडात यावी. हा शब्द ‘द हू’ या इंग्लिश बँडच्या पीट टाउनशेंडने १९६७ साली स्वतःच्या बँडच्या संगीताबद्दल वापरला. बीटल्सच्या गळ्यांची जुळणी, ‘द बर्ड्स’ या अमेरिकन बँडच्या बारा तारांच्या गिटारची किणकिण आणि ‘द हू’चा दणका ही त्याची मुळं. सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये बॅडफिंगर, अमेरिकेत रास्पबेरीज, बिग स्टार, चीप ट्रिक या बँडनी त्याला आकार दिला.

मेटलमध्ये रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, गाणं ओढत नेतो, ब्लूजमध्ये सोलो, म्हणजे एकट्या वाद्याचं वादन. इथे मुखडा नेतो. आमची कसोटी सोपी आहे : गिटार बाजूला ठेवायची आणि नुसत्या टाळीवर गाणं म्हणायचं. तसं म्हणूनही ते उभं राहिलं, तर त्याला अॅम्प लावण्यात अर्थ आहे. नाही राहिलं, तर डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाटका केलेला आवाज) वाढवून काही होणार नाही. या पानावरचं पुढचं जवळपास प्रत्येक उत्तर या एका गोष्टीला धरून आहे.

भाऊ, खानदेशात हे ऐकणार कोण?

खानदेशात चालीचं वेड मुळातच आहे. आखाजीला (अक्षय तृतीयेला) झोक्यावर बसून पोरी गाणी म्हणतात, कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला रात्र जागवतात, त्या गाण्यांची बांधणी बघा. ओळी छोट्या असतात, एकीने म्हटलेलं सगळ्यांनी उचलायचं असतं, आणि मुखडा पुन्हा पुन्हा येतो. पॉवर पॉपलाही नेमकं हेच हवं असतं. लग्नाच्या वरातीत बँडवाला नवी चाल काढतो आणि दुसऱ्या फेरीला अख्खी वरात ती गात असते. आम्ही या ऐकणाऱ्यांमध्येच वाढलो. त्यांना गिटार परकी वाटेल, पण चाल परकी वाटणार नाही, याची खात्री होती.

कडवी मराठीत आणि मुखडा अहिराणीत, असं का?

घरी आम्ही असंच बोलतो. कॉलेजची, नोकरीची गोष्ट सांगताना मराठी, आणि दारातून कुणाला हाक मारताना अहिराणी. गाणं धुळ्याच्या एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघणाऱ्या पोराबद्दल आहे. त्याला ओळखीचा जो भेटतो तो एकच विचारतो, ‘कथा जाई राहिना?’ म्हणजे ‘कुठे चाललास?’ हाच मुखडा. तो दुसऱ्या कुठल्या बोलीत लिहिला असता तर खोटा वाटला असता.

गाण्याच्या दृष्टीनेही त्याचा फायदा झाला. मुखड्याचा सगळ्यात उंच स्वर ‘ना’वर येतो आणि ‘आ’काराने गळा मोकळा उघडतो. तिथे ‘त’ किंवा ‘क’ असता तर स्वर धरताच आला नसता. कडव्यांतून आम्ही ‘स्वप्न’, ‘प्रश्न’, ‘अस्वस्थ’ असे शब्द काढून टाकले. कवितेत ते छान दिसतात, पण या वेगात जीभ अडते आणि ऐकणाऱ्याला शब्द कळत नाही.

आणखी एक. २०११ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ६० हजार लोकांनी आपली मातृभाषा खानदेशी गटातली नोंदवली, आणि अहिराणी याच गटात येते. आसोद्याच्या बहिणाबाईंनी शेतात, जात्यावर आपल्या बोलीत रचलेल्या ओळी आज अख्खा महाराष्ट्र म्हणतो. तेव्हा ‘अहिराणीत गंभीर काही होत नाही’ हे ऐकून घेण्याची आमची तयारी नाही.

गाणं पावणेतीन मिनिटांतच का संपवलं?

सांगायचं तेवढंच होतं. वेग मिनिटाला १४८ ठोक्यांचा. चार बारांची (एक बार म्हणजे चार ठोके) सुरुवात, सोळा बारांचं कडवं, मुखड्याकडे नेणारी चार बारांची चढण, आणि एकोणचाळिसाव्या सेकंदाला मुखडा. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम (गाणं एकदा ऐकल्याची नोंद) धरतात, म्हणून काहींनी सल्ला दिला की मुखडा तिसाच्या आत आणा. आम्ही कडवं कापून पाहिलं. मुखडा लवकर आला, पण त्याची वाट बघण्यातली मजा गेली. शेवटी मुखड्याची चाल सुरुवातीच्या चार बारांत नुसत्या वाद्यावर घेतली आणि कडवं तसंच ठेवलं.

सुरुवातीला जे किणकिणतं ती बारा तारांची गिटार आहे का?

नाही, तो बेंजो आहे. म्हणजे आपल्याकडे लग्नात, मिरवणुकीत अॅम्पला लावून वाजतो तो, टाइपरायटरसारखी बटणं असलेला बुलबुलतरंग. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर द्यायला आम्हाला फार आवडतं.

बारा तारांच्या गिटारमध्ये तारा जोडीने असतात. जोडीतल्या दोन तारा कधीच तंतोतंत एका सुरात नसतात, आणि त्या किंचित फरकातून ती चमक येते. बेंजोतही चालीच्या तारा एकापेक्षा जास्त असतात आणि एकच बटण त्या सगळ्या दाबतं. वाजवणारे दादा लग्नाच्या पार्टीत वर्षानुवर्षं वाजवतात. त्यांनी पहिल्यांदा सगळ्या तारा अगदी स्वच्छ जुळवल्या, तेव्हा आवाज सपाट लागला. मग त्यांनी एक तार केसभर चढवली, नखीने छेडून बघितली, पुन्हा थोडी उतरवली. एका क्षणी खोलीतल्या सगळ्यांनी एकदम मान वर केली. तोच आवाज रेकॉर्डमध्ये आहे.

पिकअपमधून (तारेची थरथर पकडणाऱ्या भागातून) आवाज घेतला की तार स्पष्ट येते पण लाकूड येत नाही, म्हणून समोर एक माइकही ठेवला होता. त्या माइकमध्ये बटणांची खटखटही आली. दुसऱ्या कडव्याआधी सगळी वाद्यं थांबतात त्या एका बारात ती ऐकू येते. मिक्स करताना ती काढायची का, असा विषय निघाला होता. काढली नाही. हात दिसतात तिथे.

ड्रम्स इतके मोठे कसे वाजतात? धुळ्यात असा स्टुडिओ आहे का?

ड्रम्स दोंडाईचा रस्त्यावरच्या एका जिनिंगच्या (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) गोडाऊनमध्ये घेतले. पत्र्याचं छप्पर, उंची भरपूर, त्यामुळे रिकाम्या गोडाऊनमध्ये टाळी वाजवली तरी ती बराच वेळ घुमते. पण हंगामाच्या शेवटी तिथे कापसाच्या गाठी शिल्लक होत्या. एक गाठ साधारण १७० किलोची असते, आणि दाबलेल्या कापसाची इतकी जाड भिंत आवाज फार सुंदर शोषते. मालकाने परवानगी दिली आणि हमालांनी तिन्ही बाजूंना गाठी रचून दिल्या. चौथी बाजू मोकळी ठेवली. जवळचा ठोका कोरडा आणि मागे गोडाऊनची उंची, हे दोन्ही त्यामुळे मिळालं.

कापूस आहे म्हटल्यावर आगीची काळजी सगळ्यात आधी. व्हॉल्व्हचा तापणारा अॅम्प आत आणला नाही, एक्स्टेन्शन बोर्ड गाठींपासून दूर ठेवले, आणि बिडी-सिगारेट आवाराच्या बाहेर. हे करणार असाल तर यातलं काही सोडू नका.

माइक चारच होते : बास ड्रमला एक, स्नेअरला (करकरीत ठोक्याच्या छोट्या ड्रमला) एक आणि वर दोन. वरचे दोन्ही माइक स्नेअरच्या मध्यापासून सारख्या अंतरावर हवेत, नाहीतर स्नेअरचा आवाज एकात आधी आणि दुसऱ्यात नंतर पोचतो आणि ठोका पोकळ होतो. एका फुटाच्या फरकाने जवळपास एक मिलिसेकंदाचा फरक पडतो. आम्ही सुतळी घेतली, एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरलं, दुसरं पहिल्या माइकला नेलं, तिथे गाठ मारली आणि त्याच गाठीपर्यंत दुसरा माइक आणला. महागड्या कुठल्याही साधनापेक्षा त्या सुतळीचा उपयोग जास्त झाला. हायवेवरचे ट्रक थोडे कमी होतात म्हणून काम मध्यरात्रीनंतर केलं.

गिटार, बास आणि गळे मात्र देवपुरातल्या एका घरात, भिंतींना गोधड्या टांगून.

लाइट गेली की काय करता?

लॅपटॉप बॅटरीवर चालतो आणि माइक लॅपटॉपला जोडणारा छोटा ऑडिओ इंटरफेस यूएसबीवरच, त्यामुळे गाणं म्हणणं थांबत नाही. अडचण येते ती इन्व्हर्टरवर. साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर गिटारचा अॅम्प लावला की भुणभुण सुरू होते. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर ती बरीच कमी होते.

लाइट असतानाही एक गूं असा आवाज येत असेल तर तो आपल्या ५० हर्ट्झ विजेचा आणि त्याच्या पटींचा. सिंगल कॉइल पिकअप तो जास्त पकडतात. हमबकर प्रकारच्या पिकअपमध्ये दोन कॉइल तो एकमेकांत खोडून काढतात. घराचं अर्थिंगही बघा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा विरोध वाढतो. खड्ड्यात पाणी ओतल्यावर आमचा आवाज उतरला. हे काम माहीतगार वायरमनकडूनच करून घ्या, आणि गूं घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन तोडणं तर कधीच करू नका. जीवावर बेतेल.

उन्हाळ्यात गिटार सुरात राहते?

राहते, जरा जपावं लागतं. तारा तापल्या की सैलावतात आणि सूर उतरतो. कूलरच्या झोतात गिटार ठेवू नका. तिथली दमट हवा आणि बाहेरची कोरडी हवा यांच्यात मानेचं लाकूड वाकतं. बंद पेटीत ठेवा आणि वाजवायच्या अर्धा तास आधी त्या खोलीत आणा.

ऑटोट्यून वापरलं आहे का?

मुख्य गळ्याला सूर सुधारणारं हे सॉफ्टवेअर लावलेलं नाही. मुखड्यात तो गळा दोनदा गायलेला आहे, एकावर एक. वर एक आवाज तिसऱ्या स्वरावर आणि खाली एक. आपल्या गायकांना मींड घेण्याची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सवय असते, आणि एकट्याने गाताना ती गोडच लागते. तीन गळे तीन वेगळ्या मींडी घेऊ लागले की मात्र जुळणी विस्कटते. म्हणून ओळ कुठे सुटायची, ‘ना’ नेमका कोणत्या ठोक्यावर तोडायचा, हे तिघांनी समोरासमोर बसून बसवलं. या गाण्यात सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला, आणि तो जायलाच हवा होता.

टाळ्या खऱ्या आहेत. गल्लीतली मुलं आणि त्यांच्या आया.

दुसऱ्या गाण्यांच्या मानाने आवाज कमी का वाटतो?

पेन ड्राइव्हवरून गाडीत ऐकलं तर वाटेल. स्पॉटिफाय आणि यूट्यूब मोठ्या आवाजाची गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचं एकक) पातळीला आणून ठेवतात. म्हणजे मास्टर करताना, म्हणजे शेवटची पातळी ठरवताना, गाणं चेपून चेपून मोठं केलं, तरी तिथे ते खालीच येतं आणि चेपलेपणा तेवढा उरतो. ड्रम्सचा ठोका उडाला की या संगीताचा जीव गेला. आम्ही तो वाचवला आणि आवाजाची शिखरं उणे १ डेसिबलवर थांबवली.

गाणं कुणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न फार कमी जण रिलीजच्या आधी विचारतात, आणि नंतर विचारला की मैत्री तुटते. म्हणून नीट सांगतो.

एका गाण्यात दोन वेगळ्या मिळकती असतात. एक म्हणजे गाणं : शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्याचं ध्वनिमुद्रण. शब्दांचा हक्क मुळात लिहिणाऱ्याचा, चालीचा ती बांधणाऱ्याचा, आणि ध्वनिमुद्रणाचा निर्मात्याचा, म्हणजे ज्याने ते करून घेण्याची जबाबदारी उचलली त्याचा. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतल्या आपल्या वाट्याचं संरक्षण दिलं. कुणी ‘सगळे हक्क लिहून दे’ म्हणालं तरी तो वाटा सहज सुटत नाही. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षं.

आम्ही एका कागदावर लिहिलं : शब्द कुणाचे, चाल कुणाची, ध्वनिमुद्रणात कुणाचा किती टक्के वाटा. सगळ्यांच्या सह्या घेतल्या. बेंजोवाल्या दादांना ठरलेली बिदागी तर दिलीच, शिवाय ध्वनिमुद्रणात वाटा आणि गाण्याच्या माहितीत नावही. सुरुवातीची ती चमक त्यांच्या बोटांची आहे. ‘लग्नात वाजवणारा माणूस, पैसे दिले की झालं’ हा विचार आम्हाला मान्य नाही.

कॉपीराइटची नोंदणी करावीच लागते का?

नाही. गाणं लिहून किंवा रेकॉर्ड होऊन तयार झालं की हक्क लागू होतो. वाद झाला तर नोंदणी पुरावा म्हणून उपयोगी पडते. शुल्क शब्दांसाठी किंवा चालीसाठी प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं सदस्यत्व मात्र घ्यावंच. १९६९ पासूनची ही संस्था गाणं जाहीरपणे वाजल्याचे पैसे गोळा करून वाटते. सदस्य नसाल तर तुमचा वाटा तुमच्या दारी येणार नाही.

रिलीज कसं केलं? स्वतःच चढवता येतं का?

यूट्यूबवर स्वतः चढवता येतं. स्पॉटिफाय, अॅपल म्युझिक, जिओसावन यांच्यासाठी मधे डिस्ट्रिब्युटर लागतो. तो वर्षाची वर्गणी घेतो किंवा उत्पन्नात वाटा. आयएसआरसी म्हणजे ध्वनिमुद्रणाचा बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, तोही बहुतेक वेळा तोच देतो. रिमिक्स केलंत तर त्याला वेगळा क्रमांक. पुढे डिस्ट्रिब्युटर बदललात तर जुना क्रमांक सोबत न्या, नाहीतर साठलेली ऐकण्याची नोंद तुटू शकते.

फाइल डब्ल्यूएव्हीच द्या, एमपीथ्री नको. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेलचं. नावांचं स्पेलिंग एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा, नाहीतर एकाच गायकाची दोन पानं तयार होतात. भाषेच्या यादीत आम्हाला अहिराणी सापडली नाही, म्हणून मराठी निवडावी लागली. ते खटकलं, अजूनही खटकतं.

गाणं तारखेच्या किमान चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे ते पाठवायची सोय रिलीजच्या आधीच असते. निदान सात दिवस आधी पाठवलंत तर तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या नव्या गाण्यांच्या यादीत ते नक्की येतं. वार शुक्रवार, कारण १० जुलै २०१५ पासून जगभर नव्या गाण्यांचा तोच वार ठरलेला आहे.

हे सगळं कारकुनी काम वाटतं, तेव्हा बिग स्टार आठवा. मेम्फिसच्या या बँडची पहिली तबकडी १९७२ साली आली. समीक्षकांनी डोक्यावर घेतली, पण दुकानांत नीट पोचलीच नाही. माणसं मागत होती आणि माल नव्हता. आज पॉवर पॉपचा विषय त्यांच्याशिवाय पूर्ण होत नाही, पण तेव्हा ते पोचायला हवं होतं. आपल्या हातात आज पोचवण्याचं साधन आहे. त्यात आळस करू नये.

पैसे मिळतात का?

स्ट्रीमिंगमधून थोडे. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं आधीच्या बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याचे पैसे धरतच नाहीत. पोट कार्यक्रमांवर आणि शिकवण्यांवर चालतं.

लग्नात, कानबाईच्या मिरवणुकीत वाजवलं तर चालेल?

वाजवाच. कायद्यातही खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीला आणि लग्नाच्या वरातीला, लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सूट आहे. बँडवाल्यांनी चाल हवी असेल तर मागावी, आम्ही स्वर लिहून पाठवू.

आमच्या बँडने हे गाणं गाऊन रिलीज केलं तर?

आधी विचारा. कव्हरचा, म्हणजे दुसऱ्याचं गाणं पुन्हा गाऊन मुद्रित करण्याचा, वैधानिक परवाना मूळ ध्वनिमुद्रण झालं त्या वर्षाच्या शेवटापासून पाच कॅलेंडर वर्षं उलटल्यावरच मिळतो, त्याआधी आमची परवानगी लागते. आम्ही ती देतो. शब्द आणि चाल कुणाची हे लिहावं, एवढीच अट.

कॉर्ड्स काय आहेत?

सूर ए मेजर. कडव्यात ए, ई, एफ शार्प मायनर, डी. चढणीत बी मायनर आणि ई. मुखड्यात ए, सी शार्प मायनर, डी आणि मग डी मायनर.

तो डी मायनर चुकवू नका, गाणं त्याच्यावर उभं आहे. ए हा षड्ज धरला तर डी मेजरमध्ये शुद्ध धैवत आहे आणि डी मायनरमध्ये तोच कोमल होतो. बाकीचे दोन स्वर तिथेच, एकच स्वर अर्ध्याने उतरतो. वरचा गळा त्याच धैवतावर आहे, त्यामुळे गाणाऱ्याने आणि गिटारवाल्याने तो एकाच ठोक्यावर बदलायला हवा. शेवटच्या मुखड्यात सगळं एक पूर्ण स्वर वर जातं : बी, डी शार्प मायनर, ई, ई मायनर. गाणं चालू असताना कापो (सूर चढवायला गिटारच्या मानेवर लावायची पकड) लावता येत नाही, तेव्हा तिथे बी आणि डी शार्प मायनरला बार कॉर्ड्सच, म्हणजे एका बोटाने आडव्या तारा दाबून धरायच्या. मनगट दुखत असेल तर ते चारच कॉर्ड आधी सावकाश, शंभरच्या वेगाने बसवा.